लोडर गेला की अजून आलाच नाही, हे टेस्टला कसे कळावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात घरूनच काम करणाऱ्या एक ताई कापूस जिनिंगच्या काटा-पावतीच्या (गाडीच्या वजनाच्या पावतीच्या) वेबसाइटच्या टेस्ट लिहितात. साधन सेलेनियम, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणारे, आणि भाषा पायथॉन. ‘पावती जतन करा’ दाबले की पूर्ण पडद्यावर लोडर, म्हणजे ‘थांबा’ सांगणारे फिरते चक्र, येतो. तो जाईपर्यंत थांबायला त्यांनी ‘इनव्हिजिबिलिटी ऑफ एलिमेंट लोकेटेड’ ही अट लावली आहे. पुण्याच्या ऑफिसातल्या मशीनवर टेस्ट पास होतात. गावात घरच्या नेटवर त्याच टेस्ट कधी पास, तर कधी पुढच्या बटणावर ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’, म्हणजे पानावरचा दुसराच एखादा घटक (एलिमेंट) आडवा आल्याने क्लिक अडले. शेवटी जागोजागी पाच सेकंदांचे स्लीप, म्हणजे काही न तपासता नुसते थांबणे, टाकले, तरी अधूनमधून फेल होतेच, आणि पूर्ण रन इतका लांबला की आता कोणी तो लावतच नाही. प्लेराइट या दुसऱ्या साधनावर गेलो तर सुटेल का, हेही त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमचा वेट (वाट पाहणारी आज्ञा) जे सांगितले ते बरोबर करतो आहे, पण त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा आहे. तुमची अट एवढेच विचारते, की या घडीला लोडर दिसतो का? ‘नाही’ असे उत्तर आले की ती मोकळी होते. पण हे ‘नाही’ तीन वेगवेगळ्या वेळी येते. लोडर अजून आलाच नसतो तेव्हा, येऊन गेलेला असतो तेव्हा, आणि गेलेला असतो पण पुन्हा येणार असतो तेव्हा. रिकामा वजनकाटा पाहून गाडी मोजून गेली की अजून फाटकाबाहेर रांगेत उभी आहे, हे सांगता येत नाही. त्यासाठी पावती पाहावी लागते. तुमच्या टेस्टलाही पावतीच पाहू द्या. लोडर गेला यावर निकाल देऊ नका. लोडर गेल्यानंतर जे यायला पाहिजे ते आले का, यावर द्या. बाकी सगळे उत्तर याच्याच तपशिलाचे आहे, पण तो तपशील कळल्याशिवाय तुमच्या टेस्ट दुरुस्त होणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पुण्यात पास आणि गावात फेल का, ते पाहू. पुष्कळ डेव्हलपर लोडर लगेच दाखवत नाहीत. सर्व्हरचे उत्तर पटकन आले तर लोडर नुसता चमकून जातो आणि डोळ्याला खुपतो, म्हणून ते दोन-तीनशे मिलिसेकंदांची सवड ठेवतात. तेवढ्यात उत्तर आले तर लोडर दाखवायचाच नाही. तुमच्या साइटवर ही सवड ३०० मिलिसेकंदांची आहे असे धरू. तुम्ही बटण दाबले तो क्षण शून्य. सेलेनियमचा वेट पहिली तपासणी लगेच करतो. अर्ध्या सेकंदाचे जे अंतर आपण ऐकून असतो ते पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीमधले आहे. म्हणजे बटण दाबल्यावर काही मिलिसेकंदांतच तुमची अट लोडर शोधते, तो नसतो, अट पूर्ण होते आणि टेस्ट पुढे निघते. ती पुढच्या गाडीचा नंबर भरते, वजन भरते, आणि मग बटणाकडे वळते. पुण्यात फायबरवर सर्व्हरचे उत्तर समजा १५० मिलिसेकंदांत आले. लोडर उगवलाच नाही, क्लिक बिनघोर लागले. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात. तुमची टेस्ट वजन भरत असते तेवढ्यात लोडर पडदा झाकतो आणि क्लिक त्याच्या अंगावर पडते. एखाद्या वेळी टेस्ट चपळाईने ३०० च्या आतच क्लिक करून जाते, तेव्हा गावातही पास. दोन्ही ठिकाणी तुमच्या वेटने काहीच वाट पाहिलेली नाही. पुण्यातल्या टेस्ट तिथल्या नेटच्या जोरावर पास होत आहेत.

स्लीपचेही हेच. स्लीप पाच सेकंदांचा आहे, आणि संध्याकाळी सगळे गाव मोबाइलवर बसले की उत्तराला सहा सेकंद लागू शकतात. पुण्यात मात्र प्रत्येक पावतीमागे जवळजवळ पूर्ण पाच सेकंद फुकट जातात. स्लीप काढायचे आहेत, पण एकदम नाही. एकेका ठिकाणी खरी अट लावायची आणि तिथला स्लीप काढायचा.

क्लिक अडले की सर्वांत आधी त्या एररचा पूर्ण मजकूर वाचा. पुष्कळ जण पहिली ओळ पाहून सोडून देतात. क्रोममध्ये त्याच मजकुरात पुढे लिहिलेले असते की हे क्लिक कोणत्या दुसऱ्या एलिमेंटवर पडले असते, त्याचा टॅग आणि क्लास यांसह. तुम्ही ज्या लोडरची वाट पाहत होता तोच हा आहे का? अनेकदा नसतो. बूटस्ट्रॅप या तयार डिझाइन-संचातल्या मोडलमागची, म्हणजे वर उघडणाऱ्या चौकटीमागची, काळी पाटी असते, वर चिकटलेला हेडर असतो, नाही तर कोपऱ्यातला टोस्ट, म्हणजे थोडा वेळ दिसणारा संदेश, असतो. एररमध्ये नीट कळले नाही तर फेल झाल्याबरोबर जाव्हास्क्रिप्टने बटणाच्या मध्यबिंदूवर ‘एलिमेंट फ्रॉम पॉइंट’ चालवा, जे हाती येईल त्याचे एचटीएमएल लॉगमध्ये टाका, सोबत स्क्रीनशॉट घ्या. नेमके कोण आडवे आले ते कळल्याशिवाय वेट बदलत बसण्यात अर्थ नाही.

आता लोडर गेला पण परत येणार आहे, तो प्रकार. तुमच्या साइटवर पावती जतन झाली की खालची दिवसभराच्या पावत्यांची यादी पुन्हा मागवली जात असणार. म्हणजे दोन रिक्वेस्ट एकामागून एक. पहिलीचे उत्तर आले की लोडर जातो, दुसरी निघाली की पुन्हा येतो, मधे थोडी फट राहते. तुमची तपासणी त्या फटीत पडली की अट पूर्ण. हा प्रकार पकडायला अवघड असतो, कारण स्क्रीनशॉट काढेपर्यंत दुसरा लोडरही गेलेला असतो. तात्पुरता उपाय म्हणून अशी अट लिहिता येते, की लोडर सलग अर्धा-पाऊण सेकंद दिसला नाही तरच गेला असे समजायचे. मी ती नाइलाजाने वापरतो. फट त्याहून मोठी झाली की ती फसतेच.

तिसरी गोष्ट हळूहळू विरणाऱ्या लोडरची. सेलेनियम एखादे एलिमेंट दिसते की नाही हे ठरवताना त्याची ओपॅसिटीही पाहते. ओपॅसिटी शून्य झाली की सेलेनियमच्या लेखी ते दिसत नाही. पण पारदर्शक झालेला लोडर डॉममधून (ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेतून) काढला गेला नसेल, आणि त्याला क्लिक खाली जाऊ देणारे ‘पॉइंटर इव्हेंट्स नन’ लावले नसेल, तर तो जागेवरच असतो आणि क्लिक खातो. डोळ्याला पडदा स्वच्छ दिसतो, वेट म्हणतो लोडर गेला, आणि क्लिक मात्र अडते. अशा वेळी दिसण्याची अट सोडून तो डॉममध्ये आहे का याची अट लावावी लागते. किंवा डेव्हलपरला सांगून तो विरल्यावर काढूनच टाकायला लावावा. हे दुसरे जास्त बरे, कारण जो पारदर्शक पडदा टेस्टचे क्लिक खातो तो काट्यावरच्या ऑपरेटरचेही खातो.

चौथी गोष्ट लोकेटरची, म्हणजे एलिमेंट ज्या खुणेने शोधायचे तिची. इथे सगळ्यांत जास्त सावध राहा. एखादे एलिमेंट येण्याची वाट पाहताना लोकेटर चुकला तर टाइमआउट होतो, टेस्ट फेल होते, तुम्हाला कळते. एलिमेंट जाण्याची वाट पाहताना लोकेटर चुकला तर ते कधीच सापडत नाही, म्हणून अट लगेच पूर्ण होते आणि सगळे हिरवे दिसते. डेव्हलपरने उद्या क्लासचे नाव बदलले तर तुमचे सगळे वेट एका झटक्यात निकामी होतील आणि एकही टेस्ट तक्रार करणार नाही. लोडर आयफ्रेमच्या (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या) आत असेल आणि तुम्ही बाहेर शोधत असाल, तरी तेच. पानावर लोडरच्या क्लासचे दोन-तीन एलिमेंट असतील तरी तेच, कारण ही अट पहिले सापडलेले एलिमेंट तेवढेच पाहते. पहिले एखाद्या बंद टॅबमधले लपलेले निघाले की खुशाल ‘गेला’ म्हणते आणि खरा लोडर तिकडे फिरतच असतो. म्हणून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तुमचा लोकेटर टाकून किती एलिमेंट सापडतात ते लोडर फिरत असताना मोजून पाहा. एकच यायला पाहिजे. आणि लोडर खरोखर येतो हे तपासणारी एक वेगळी टेस्ट ठेवा, ज्यात सर्व्हरचे उत्तर मुद्दाम तीन सेकंद उशिरा येते. लोकेटर मोडला की तीच टेस्ट आधी फेल होईल आणि बाकीच्यांचा पाया हलला हे सांगेल.

तुमचा रन लांबण्यात स्लीपचा वाटा आहेच, पण मला वाटते तुम्ही इम्प्लिसिट वेटही लावला असेल. पुष्कळ प्रोजेक्टांत सुरुवातीलाच दहा सेकंदांचा लावून ठेवलेला असतो. तो काय करतो पाहा. एलिमेंट सापडले नाही तर शोधणे लगेच सोडायचे नाही, दहा सेकंद शोधत राहायचे. येण्याची वाट पाहताना ते सोयीचे वाटते. जाण्याची वाट पाहताना उलटे होते. लोडर डॉममधून निघून गेला, तुमची अट त्याला शोधायला गेली, इम्प्लिसिट वेटने तिला दहा सेकंद शोधत ठेवले, मग ‘सापडले नाही’ म्हटले, आणि तेव्हा कुठे अट म्हणाली, गेला. उत्तर बरोबर, पण दहा सेकंद उशिरा, प्रत्येक पावतीला. लोडर डॉममध्येच राहून नुसता लपत असेल तर हा फटका बसत नाही. त्यामुळे काही पानांवर टेस्ट धावतात आणि काही पानांवर रांगतात, आणि कारण कळत नाही. इम्प्लिसिट आणि एक्सप्लिसिट (तुमच्यासारखा अट सांगून लावलेला) वेट एकत्र करू नका, असे सेलेनियमच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेले आहे. इम्प्लिसिट शून्यावर आणा, मुळात तो शून्यच असतो. आणल्यावर काही टेस्ट फेल होतील. त्या आतापर्यंत त्याच्याच आधाराने उभ्या होत्या, तिथे येण्याची खरी अट लावा.

आता दुरुस्ती. ‘पावती जतन करा’ दाबल्यावर काय व्हायला पाहिजे? नवा पावती क्रमांक दिसला पाहिजे. मग त्याचीच वाट पाहा. पण इथेही एक खोच आहे. आधीच्या गाडीचा पावती क्रमांक पडद्यावर तसाच असेल तर ‘क्रमांक दिसतो का’ ही अट लगेच पूर्ण होईल आणि तुम्ही पुन्हा त्याच जागी याल. म्हणून बटण दाबण्याआधी जुना क्रमांक वाचून ठेवा. दाबल्यावर अशी अट लावा की क्रमांकाची जागा रिकामी नाही आणि तिथला मजकूर जुन्या क्रमांकापेक्षा वेगळा आहे. पायथॉनमध्ये हे चार ओळींचे फंक्शन आहे. ड्रायव्हर घ्यायचा, मजकूर वाचायचा, तुलना करायची, खरे-खोटे परत करायचे, आणि ते फंक्शन वेटच्या ‘अनटिल’ला द्यायचे. सोबत एक मेसेजही द्या, ‘जतन केल्यावर नवा पावती क्रमांक आला नाही’ असा. तो दिला नाही तर टाइमआउटच्या एररमधून काहीच उमगत नाही. हे झाल्यावर पुढच्या क्लिकच्या आधी लोडर गेल्याची तुमची जुनी अट ठेवायला हरकत नाही. तेव्हा तिचे काम फक्त रस्ता मोकळा आहे का पाहण्याचे राहते.

टाइमआउट सढळ हाताने द्या, अगदी तीस सेकंद. टाइमआउट ही वरची मर्यादा आहे. काम आधी झाले तर वेट आधीच सुटतो, त्यामुळे पुण्यातल्या रनला त्याचा काही भार पडत नाही. तपासणीचे अंतरही अर्ध्या सेकंदावरून सेकंदाच्या दहाव्या भागावर आणू शकता.

काही पानांवर असा ठोस परिणाम दिसतच नाही, उदाहरणार्थ गाळणी (फिल्टर) बदलली पण यादी तीच राहिली. तिथे दोन टप्प्यांचा वेट लागतो. आधी लोडर येण्याची थोडा वेळ वाट पाहायची, एक सेकंदभर, आणि नाही आला तर ती एरर गिळून पुढे जायचे. मग तो जाण्याची वाट पाहायची. लोडर इतका चपळ असेल की दोन तपासण्यांच्या मधेच येऊन गेला, तर तो एक सेकंद वाया जातो. तेवढे चालते. पण हाच नमुना सगळीकडे लावू नका. जिथे परिणाम पाहता येतो तिथे परिणामच पाहा.

यादी नव्याने भरली का हे पाहायला ‘स्टेलनेस ऑफ’ ही अट चांगली आहे. क्लिकच्या आधी यादीतली जुनी पहिली ओळ हातात धरायची, क्लिक करायचे, आणि ती ओळ डॉममधून सुटेपर्यंत थांबायचे. ओळ आधी हातात असल्यामुळे ‘अजून आलीच नाही’ हा घोळ इथे होऊच शकत नाही. फक्त साइट रिअॅक्टमध्ये (पान घडवणाऱ्या जाव्हास्क्रिप्ट लायब्ररीत) असेल तर जपून. रिअॅक्ट पुष्कळदा जुनीच ओळ ठेवून तिच्यातला मजकूर बदलते, मग ती ओळ कधीच शिळी होत नाही आणि वेट टाइमआउटपर्यंत उभा राहतो. ‘अनटिल नॉट’ (अट खोटी होईपर्यंत थांबा) वापरतानाही एक लक्षात ठेवा. पायथॉनमध्ये तो ‘एलिमेंट सापडले नाही’ या एररला यश मानतो, पण शिळ्या एलिमेंटची एरर दुर्लक्ष करायच्या एररच्या मूळ यादीत नसल्यामुळे तशीच बाहेर फेकतो. हातात धरलेल्या एलिमेंटसाठी तो वापरला तर कधीतरी ही एरर अंगावर येईल.

या सगळ्यापेक्षा चांगला मार्ग डेव्हलपरशी बोलण्याचा आहे. पानाच्या बॉडीवर एक डेटा अॅट्रिब्यूट ठेवायला सांगा, ज्यात त्या घडीला किती रिक्वेस्ट उत्तराविना आहेत तो आकडा राहील. रिक्वेस्ट निघाली की एकने वाढेल, उत्तर आले किंवा एरर आली की एकने घटेल. बटण दाबताच, लोडरची सवड संपायच्या आधीच, आकडा एक झालेला असतो, म्हणून तुमचा मूळचा घोळ होत नाही. यादीची रिक्वेस्ट पावतीची मोजणी उतरवण्याआधी चढवली तर मधली फटही उरत नाही. साइट जुनी, जेक्वेरीवर चालणारी असेल तर तिच्यात चालू रिक्वेस्टचा असा आकडा तयारच मिळतो. मात्र फेचने (ब्राउझरच्या स्वतःच्या सोयीने) गेलेल्या रिक्वेस्ट त्यात मोजल्या जात नाहीत. यादीच्या डब्याला ‘आरिया बिझी’ ही काम चालू असल्याची खूण लावून घेतली तर तेही उपयोगी, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा फायदा होतो तो वेगळा. पुष्कळ टेस्टर डेव्हलपरला काही मागायला कचरतात. मागा. दहा ओळींचे काम आहे, आणि त्याने तुमच्या शेकडो ओळी वाचतील.

रद्द केलेल्या पावतीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जाण्याची वाट पाहण्याचा विषय निघालाच आहे तर ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण इथे शेतकऱ्याच्या पैशांचा संबंध आहे. पावती रद्द केली की यादीतून ती ओळ जाते. बहुतेक टेस्ट ओळ गेली एवढे पाहून थांबतात. पण अनेक साइट सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच ओळ पडद्यावरून काढतात, म्हणजे वापरणाऱ्याला काम झटपट वाटते. सर्व्हरने नकार दिला तर ओळ परत येते, आणि डेव्हलपरने ती परत आणण्याचे काम केले नसेल तर येतही नाही. पडद्यावर रद्द, हिशेबात चालू. तुमची टेस्ट दोन्ही वेळी हिरवी. म्हणून ओळ गेल्यावर रद्द झाल्याच्या संदेशाची किंवा रिक्वेस्टच्या उत्तराची वाट पाहा, मग पान रिफ्रेश करा, यादी भरल्याची खात्री करा, म्हणजे दुसरी एखादी ओळखीची पावती दिसते का पाहा, आणि त्यानंतरच ही पावती नाही असे म्हणा. यादी भरण्याआधी पाहिले तर कोणतीच पावती दिसणार नाही आणि टेस्ट पास होईल. ओळींची संख्या मोजू नका, पावती क्रमांकाने शोधा. त्याच वेळी दुसऱ्या काट्यावरून नवी पावती आली तर संख्या तेवढीच राहते. यादीला पाने असतील तर ती ओळ नुसती दुसऱ्या पानावर सरकली नाही ना, हेही पाहा.

टोस्टचे वेगळे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला कापूस पूर्ण भावाने घेतात, बारापर्यंत कपात करून, आणि त्याच्यावर घेत नाहीत. तुमच्या साइटवर ओलावा १२.५ टाकला तर लाल टोस्ट यायला पाहिजे. बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीतला टोस्ट काही बदलले नसेल तर पाच सेकंदांत आपोआप जातो. टेस्टने आधी तो आला हे पाहावे, मजकूर वाचावा, आणि मग तो जाण्याची वाट पाहावी, तेही तो पुढच्या बटणावर येत असेल तरच. काही साइटवरचा टोस्ट इतका थोडा वेळ राहतो की सेलेनियमच्या तपासणीत सापडत नाही. तिथे क्लिकच्या आधीच पानात एक म्युटेशन ऑब्झर्व्हर सोडावा, जो डॉममध्ये भर पडलेल्या प्रत्येक टोस्टचा मजकूर एका यादीत टिपून ठेवतो. टेस्ट मग ती यादी वाचते. आला आणि गेला, दोन्हीची नोंद राहते.

प्लेराइटबद्दल. तिथे क्लिक करण्याआधी बटण दिसते का, स्थिर आहे का, चालू आहे का आणि क्लिक खरोखर त्याच्यावरच पडेल का, हे आपोआप तपासले जाते, आणि नसेल तर थांबले जाते. त्यामुळे तुमची ‘इंटरसेप्टेड’ची कटकट बरीचशी जाईल. पण ‘टू बी हिडन’ ही तपासणी तिथेही एलिमेंट मुळात नसले तरी पास होते, म्हणजे मूळ प्रश्न तसाच राहतो. ओपॅसिटीचा नियम तिथे उलटा आहे: ओपॅसिटी शून्य असलेले एलिमेंट प्लेराइट दिसते असेच मानते, म्हणून नुसता पारदर्शक होणारा लोडर तिच्या लेखी कधी जातच नाही. सायप्रेस या आणखी एका साधनात ‘नॉट एक्झिस्ट’चे तसेच, मुळात नसलेल्या एलिमेंटलाही ते पास करते; सहाव्या आवृत्तीपासून ‘नॉट बी व्हिजिबल’ मात्र मुळात नसलेल्या एलिमेंटला पास करत नाही. मला या बाबतीत सर्वांत आवडते ती टेस्टिंग लायब्ररीची ‘वेट फॉर एलिमेंट टू बी रिमूव्हड’. सुरुवातीला एलिमेंट हजर नसेल तर ती लगेच एरर देते. ती जिथे चालते तो फ्रंटएंडच्या छोट्या टेस्टचा प्रांत आहे, पण तिची शिस्त तुम्ही तुमच्या फंक्शनमध्ये आणू शकता. टेस्टची संख्या मोठी असेल तर निव्वळ या कारणासाठी साधन बदलू नका.

गावातले नेट ही अडचण समजू नका. पुण्याच्या मशीनवरच ते तयार करा. क्रोमला सेलेनियममधून ‘सेट नेटवर्क कंडिशन्स’ने उशीर आणि वेग ठरवून देता येतो. ४०० मिलिसेकंद उशीर लावून रोज रात्री एक रन ठेवा. जे तिथे फेल होईल ते गावात फेल होणारच होते.

आणि शेवटी ती टेस्ट, जी मी अशा साइटच्या बहुतेक संचांत पाहिलेली नाही आणि हंगामात सर्वांत आधी लागते: लोडर जातच नाही तेव्हा काय? कापसाच्या गाड्या रांगेत असतात, जतन करा दाबले आणि सिग्नल गेला. ऑपरेटर फिरणारे चक्र पाहत राहतो, मग पान रिफ्रेश करतो आणि पुन्हा भरतो. पहिली पावती सर्व्हरवर पोचलेली असेल तर एका गाडीच्या दोन पावत्या झाल्या. म्हणून काम फसले तरी लोडर गेला पाहिजे, हे तपासा. नेट पूर्ण बंद करून एक टेस्ट, त्यात रिक्वेस्ट लगेच फसते. आणि सर्व्हर उत्तरच देत नाही अशी दुसरी टेस्ट, कारण अर्धवट सिग्नलवर रिक्वेस्ट फसत नाही, लटकते. ब्राउझरच्या फेचला स्वतःचा छोटा टाइमआउट नसतो, डेव्हलपरने तो लावला नसेल तर लोडर कितीतरी वेळ फिरत राहील. प्लेराइटमध्ये रिक्वेस्ट अडवून उत्तर न देणे सोपे आहे. सेलेनियममध्ये टेस्ट सर्व्हरवरच तसा एक पत्ता करून घेतलेला बरा. दोन्ही टेस्टमध्ये तीन गोष्टी पाहा: ठरलेल्या वेळात लोडर गेला, ‘पावती जतन झाली की नाही ते तपासा’ असा स्पष्ट संदेश आला, आणि गाडीचा नंबर, वजन, शेतकऱ्याचे नाव खाण्यांत जसेच्या तसे राहिले. मग त्याच खाण्यांवरून पुन्हा जतन करा दाबा आणि सर्व्हरवर त्या गाडीची पावती एकच आहे का ते मोजा.